गोधडी : तुटक वेळेचे तंत्र

मानपाडा नावाची दोन ठिकाणे ठाणे जिल्ह्यात आहेत. एक ठाणे शहरात, घोडबंदर रस्त्यावर. दुसरे डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्यालगत. डोंबिवलीच्या गजबजाटातून तिकडे निघतो तो मानपाडा रोड. पत्ता सांगताना लोक 'कुठला मानपाडा?' असे विचारून घेतात. आपल्या विषयापुरता मात्र दोन्हींत फरक नाही. दोन्हीकडे शेतांच्या जागी इमारती आल्या आणि एकाच जिन्यावर सातारा-सांगलीचे, खानदेशातले, कोकणातले आणि विदर्भातले बिऱ्हाड नांदू लागले. दिवाणाच्या पोटात किंवा कपाटाच्या माथ्यावर गुंडाळून ठेवलेली गोधडी ही या बिऱ्हाडांतली एक समान वस्तू. कोणी तिला वाकळ म्हणेल. तान्ह्या बाळाची असली की तिचे दुपटे होते.

गोधडीवर मराठीत जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा दोन साच्यांतले असते. एक गरिबीचा : पांघरूण विकत घेणे परवडत नव्हते, म्हणून चिंध्या जोडल्या. दुसरा मायेचा : आजीच्या लुगड्याची ऊब. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही वस्तूला वळसा घालून जातात. गरिबीने चिंध्या का जोडल्या ते कळते. त्या धावदोऱ्यानेच का जोडल्या, कडेपासून आत का शिवत नेल्या, चौकटीवर ताणून न घेता जमिनीवरच का पसरल्या, हे कळत नाही. मायेने तर यातले काहीच कळत नाही. या विवेचनाचा मुद्दा असा की गोधडीतली जवळजवळ प्रत्येक तांत्रिक निवड एका अडचणीला दिलेले उत्तर आहे. शिवणारीला सलग वेळ कधीच मिळत नाही, ही ती अडचण. दूध उतू जाते, बाळ उठते, पाण्याची वेळ होते, दाराची बेल वाजते. असे सतत मोडणारे काम मोडूनही बिघडू नये, अशी रचना गोधडीने साधली आहे. हातमागाचे जुने कापड या रचनेत इतके चपखल का बसते, तेही याच अंगाने पाहावे लागेल.

कापड घरात येते तेव्हा आणि घरात मुरते तेव्हा

मागावर ताणलेले उभे धागे म्हणजे ताणा आणि धोट्याने आडवे घातलेले धागे म्हणजे बाणा. ताण्याचे सूत फणीच्या घर्षणाने तुटू नये म्हणून त्याला खळ देतात. सुताचा नंबर जितका मोठा तितके ते बारीक. एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात, तो त्या सुताचा नंबर. म्हणजे ४० नंबरच्या पौंडभर सुताची लांबी ३३,६०० वार भरते आणि ८० नंबरची त्याच्या दुप्पट. ही संख्या शिवणाऱ्याच्या कामाची आहे. ८० नंबरची साडी अंगावर सुखाची. पण गोधडीच्या वरच्या थराला ती लवकर विरते. ४० नंबरची तिथे टिकते.

यंत्रमाग आणि हातमाग यांतला शिवणकामाला जाणवणारा फरक ताणाचा आहे. भिवंडीतला साधा यंत्रमाग मिनिटाला शंभराहून अधिक वेळा धोटा फेकतो. तो धक्का सोसायला ताणा करकचून ताणलेला लागतो. हातमागावर ठोका माणसाच्या हाताचा, गती कमी आणि ताणही सैल. त्यामुळे धाग्याला धाग्याशेजारी सरकायला थोडी मोकळीक राहते. नवे असताना या मोकळिकीचा शिंप्याला त्रासच होतो. कापड कापले की कडेच्या दशा सुटत राहतात. पण पाच-सात वर्षांच्या धुण्यात खळ निघून जाते, सुताचे आखूड तंतू गळतात, आटायचे ते आटून होते. अशा कापडात जाड सुई धागा न तोडता दोन धाग्यांच्या मधून सरकते. घट्ट विणीच्या नव्या पॉपलीनमध्ये तीच सुई धाग्याला छेद देत जाते आणि प्रत्येक टाक्याला बोट दुखते. पाच थर एका दमात टोचायचे असतील तेव्हा हा फरक फार मोठा होतो. जुने लुगडे गोधडीला लागते ते फुकट मिळते म्हणून, हे अर्धेच खरे आहे. ते शिवायला मऊ पडते, हे उरलेले अर्धे.

कापड गोधडीपर्यंत पोचण्याआधी घरात बरेच फिरते. लुगडे सगळीकडे सारखे विरत नाही. बसण्याच्या जागी, कमरेला खोचतो तिथे आणि पायाशी घासणाऱ्या काठाला ते आधी जाते. जुन्या बायका यावर दंड घालत. मधला विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन धडके तुकडे एकमेकांना जोडायचे. लुगडे थोडे आखूड होई, पण आणखी दोन-तीन वर्षे चाले. ते थकले की त्यातून परकर, झबली, टोपरी, लंगोट निघत. उरलेले दुपट्यात किंवा गोधडीच्या पोटात जाई आणि अगदी शेवटी पोतेरे. या उतरंडीत प्रत्येक पायरीवर कापडाचा तुकडा लहान होतो आणि त्याच्याकडून असलेली अपेक्षाही कमी होते. गोधडी या उतरंडीत वेगळी पडते ती एका बाबतीत. लहान आणि दुबळे झालेले तुकडे तिथे पुन्हा मोठी आणि भक्कम वस्तू बनतात. हे बळ सुतातून येत नाही, ते थरांतून आणि टाक्यांतून येते.

गोधडीची खरी स्पर्धक चादर नव्हे, बोहारीण. जुने कपडे घेऊन स्टीलचे पातेले देणारी बोहारीण डोंबिवलीच्या चाळींत आणि पुढे सोसायट्यांच्या दाराशी वर्षानुवर्षे येत राहिली. साड्यांचे गाठोडे पुढे ठेवले की घरात वाद ठरलेला. सासूबाई म्हणणार, 'अगं, त्या सुती नको देऊस, गोधडीला होतील,' आणि सून म्हणणार, 'आई, शिवणार कोण पण?' या प्रश्नात गोधडीचे सगळे अर्थशास्त्र आले. कापड होतेच, प्रश्न वेळेचा होता. बोहारणीचे पातेले आत्ता मिळते आणि गोधडी झालीच तर दोन महिन्यांनी. तरी बऱ्याच घरांत वाटणी होई : जरीच्या आणि नायलॉनच्या साड्या पातेल्याला, सुती घरात. ही निवड भाबडी नव्हती. ती कापडाची पारख होती.

थरांचा आणि टाक्यांचा हिशेब

एक डबल गोधडी घेऊ. लांबी २.२ मीटर, रुंदी २.३ मीटर. सुती पातळ साधारण साडेपाच मीटर लांब आणि ११५ सेंटिमीटर रुंद असते. त्याचे २.२ मीटरचे दोन तुकडे शेजारी-शेजारी जोडले की एक थर झाला. त्यात ४.४ मीटर गेले, १.१ मीटर उरले. वर-खाली दोन आणि पोटात तीन, असे पाच थर धरले तर पाच पातळे लागतात आणि प्रत्येकाचा १.१ मीटरचा, जवळजवळ चौकोनी तुकडा उरतो. हे पाच तुकडे एकावर एक ठेवले की एका बाळाचे दुपटे. पाच पातळांत एक डबल गोधडी आणि एक दुपटे, चिंधीही वाया जात नाही. हा मेळ कोणी कागदावर आखला असेल असे मला वाटत नाही. पण कापडाची रुंदी, माणसाची उंची आणि बाळाची लांबी ही तिन्ही मापे फारशी बदलत नाहीत, तेव्हा तो कधीतरी जुळणारच. नऊवारीचे गणित निराळे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, त्यात तीन पूर्ण तुकडे निघून दीड मीटरहून अधिक उरते. म्हणून दोन लुगड्यांत तीन थर होतात.

आता टाके. दोन ओळींत अडीच सेंटिमीटर, म्हणजे इंचभर अंतर ठेवले तर या गोधडीवर शिवणीची एकूण लांबी सुमारे २०० मीटर भरते. ओळी सरळ घाला की कडेने फिरत आत न्या, लांबी तीच येते. क्षेत्रफळाला अंतराने भागले की झाले. टाका अर्धा सेंटिमीटर आणि मधली सुटही तेवढीच धरली तर मीटरमागे शंभर टाके, एकूण वीस हजार. दुहेरी दोरा, वळणांसह, साडेचारशे मीटरच्या आसपास. सरावलेला हात मिनिटाला वीस टाके घालतो असे समजू. मग निव्वळ शिवण्याचे हजार मिनिटे, म्हणजे पावणेसतरा तास. ओळीतले अंतर निम्मे केले की हे सगळे आकडे दुप्पट.

पावणेसतरा तास ऐकायला फार नाहीत. दोन-अडीच दिवसांची हजेरी. पण ज्या घरात गोधडी शिवली जाते तिथे हे तास सलग नसतात. जेवणे आटोपून भांडी घासून झाली की चार वाजेपर्यंतची वेळ, त्यातही पडायला मिळाले नाही तर. दिवसाला अर्धा तास म्हटले तर महिना उलटतो. म्हणजे हे काम तीस-चाळीस वेळा उघडावे आणि तीस-चाळीस वेळा मिटावे लागते. शिवाय दोरा बेताचाच घेता येतो, लांब घेतला की गुंततो. म्हणून सुई दोन-तीनशे वेळा ओवावी लागते. आजीचे डोळे अधू असतील तर हे काम नातवंडांकडे जाते. शाळेतून आलेले पोर पाच-सहा सुया ओवून उशीला टोचून ठेवते आणि खेळायला पळते. आजीचा पुढचा अर्धा तास त्या सुयांवर निघतो.

धावदोराच का

शिवणकामात टाके पुष्कळ. उलटी टीप भक्कम, साखळी टाका दिसायला देखणा. गोधडीने सगळ्यांत साधा धावदोरा उचलला. साधा म्हणजे कमी प्रतीचा असे नव्हे. साखळी टाका मध्येच सोडला आणि दोरा ओढला गेला तर मागची सगळी साखळी उसवते. उलट्या टीपेला प्रत्येक वेळी सुई मागे न्यावी लागते, दोरा जास्त जातो आणि टाका नेमका कुठे उतरला ते पाहावे लागते. धावदोरा कुठेही थांबतो. सुई कापडात खुपसून उठून गेले तरी चालते. आल्यावर नजरेला ओळ दिसते, हात पुढे चालतो. आणि मुख्य म्हणजे तो दुसऱ्या कोणालाही पुढे नेता येतो. एकीचा टाका थोडा मोठा आणि दुसरीचा थोडा लहान. गोधडीला त्याने काही बिघडत नाही. जुनी गोधडी उजेडात धरली तर कुठे हात बदलला ते ओळखता येते.

हात जवळून पाहण्यासारखा असतो. डावा हात गोधडीखाली. त्याची तर्जनी सुईचे टोक खालून चाचपते आणि टोक लागताक्षणी कापड वर ढकलते. उजव्या हाताचा अंगठा सुई धरतो, मधले बोट मागून रेटते. सुई बाहेर न काढता कापडच चार-पाच वेळा खाली-वर केले जाते. सुईवर चार-पाच टाके चढले की मग दोरा एकदम ओढायचा. अंगुस्तान घरात असते, पण घालणाऱ्या थोड्या. डाव्या तर्जनीच्या टोकाला घट्टा पडतो, तोच त्यांचे अंगुस्तान. सगळ्या हालचालीत डोळ्यांचे काम फार कमी आहे. म्हणूनच टीव्हीवरची मालिका पाहत, शेजारणीशी बोलत, कुकरच्या शिट्ट्या मोजत हे जमते.

जमिनीवर शिवण्याचेही असेच. पाश्चात्त्य घरांत क्विल्टसाठी लाकडी चौकट वापरत आणि थर तिच्यावर ताणून घेत. चौकटीला खोली लागते, आणि काम संपेपर्यंत ती खोली अडते. मानपाड्यातल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये रात्री ताटे मांडायची असतात, त्यानंतर अंथरुणे घालायची असतात. तेव्हा थर फरशीवर पसरायचे, चार कोपऱ्यांवर खलबत्ता, डबा, पाट असे काहीतरी जड ठेवायचे आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून सगळे थर पकडायचे. हे कच्चे टाके फक्त पहिल्या दिवसापुरते नसतात. रोज संध्याकाळी घडी घालून दुसऱ्या दिवशी उलगडली तरी थर सरकू नयेत, हे त्यांचे काम. जिने आळस करून कच्चा टाका हातभर अंतरावर घातला, तिची गोधडी आठवड्याभरात पोटात गोळा होते. नव्या इमारतींतल्या दोन फुटी टाइल्स गुळगुळीत असतात, कापड त्यांवर घसरते. पण त्यांच्या सांध्यांची रेघ सरळ कड लावायला छान उपयोगी पडते.

आता दिशेचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. थरांत उरलेला ढिलेपणा बाहेर काढायचा तर मधून कडेकडे शिवणे तर्काला धरून आहे. चौकटीशिवाय काम करणाऱ्या आजच्या शहरी क्विल्टकारांना हेच शिकवतात. आपल्या कित्येक गोधड्या मात्र उलट शिवलेल्या असतात : आधी चारही कडा, मग कडेला समांतर ओळी घालत फेऱ्याफेऱ्यांनी आत. त्यामुळे ढिलेपणा मधोमध साचतो आणि तिथे चुण्या पडण्याचा धोका राहतो. तरीही ही दिशा का टिकली? एक कारण उघड आहे. कडेने चार बायका बसू शकतात, मधून सुरुवात केली तर एकीचेच गुडघे मावतात. दुसरे कारण घरगुती वेळेचे आहे. कडा पहिल्या दिवसांतच बंद झाल्या की दशा सुटणे थांबते, आणि कच्च्या टाक्यांनी धरलेली ती अर्धी गोधडी पाहुणे आले तर रात्री खाली अंथरताही येते. मधून सुरू केलेले काम शेवटचा टाका पडेपर्यंत निरुपयोगी. कडेपासून सुरू केलेले काम थोड्याच दिवसांत उपयोगी पडू लागते आणि नंतर फक्त सुधारत जाते. जिला काम कधी संपेल याची खात्री नाही, तिने दुसरी वाट धरली यात नवल नाही. चुण्यांचा उपाय हाताशीच असतो : दर दोन-तीन फेऱ्यांनी कच्चे टाके काढायचे, तळहाताने आतल्या बाजूला कापड सारायचे, पुन्हा पकडायचे.

उत्तर कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंडी शिवतात, तीही कडेपासून आत. तिच्या कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची फुले लावल्याशिवाय ती पुरी झाली असे मानत नाहीत. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सिंधची रिल्ली या सगळ्या धावदोऱ्यावरच उभ्या आहेत. कांथेने त्या टाक्यातून चित्रे काढली आणि ती संग्रहालयांत पोचली. रिल्ली तुकड्यांच्या भूमितीसाठी ओळखली जाते. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचे उल्हासनगर डोंबिवलीच्या शेजारीच उभे राहिले, तेव्हा रिल्ली आणि गोधडी या दोन परंपरा लोकलच्या काही स्टेशनांच्या अंतरावर आल्या. गोधडीने मात्र चित्र फारसे मनावर घेतले नाही. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर स्वतंत्र पुस्तक केले, तोवर तिच्याकडे कला म्हणून पाहणारे विरळाच होते. आता 'गोधडी हीही कला' असे आवर्जून म्हणतात. म्हणू द्यावे, पण तिची तांत्रिक हुशारी रंगसंगतीत नाही, हे त्या कौतुकात हरवू नये.

मशीनचे काय

उषा कंपनीची पायमशीन ज्या घरात होती तिथेही गोधडी हाताने शिवली जाई, हे कोड्यासारखे वाटते. त्याचे उत्तर मशीनच्या दातांत आहे. पट्टीखालचे दात फक्त खालच्या कापडाला पुढे ओढतात. वरचे थर फूटच्या दाबाखाली मागे रेंगाळतात. दोन थरांना हा फरक कळत नाही. पाच थरांना दोन मीटर शिवल्यावर वरचे कापड चांगले बोटभर पुढे-मागे होते. वरचे थरही सोबत ओढणारा वेगळा फूट मिळतो, पण आपल्या घरगुती मशीनबरोबर तो सहसा आलेला नसतो. शिवाय मशीनच्या भुजेखालच्या अरुंद जागेतून डबल गोधडीची वळकटी फिरवणे म्हणजे कुस्तीच. वरच्या आणि खालच्या दोऱ्याची मशीनटीप थरांना जागच्या जागी आवळते. हाताच्या धावदोऱ्यात सुईमागचा दोरा लाटेसारखा खाली-वर जातो, थरांना किंचित हलू देतो आणि दोन टाक्यांमध्ये हवेचे बारके कप्पे राहतात. पांघरुणाची ऊब मुख्यतः या कोंडलेल्या हवेची असते. मशीनवर शिवलेली गोधडी म्हणूनच पुठ्ठ्यासारखी लागते. दुपट्याला मात्र मशीन झकास : आकार लहान, धुणे रोजचे, टीप पक्की हवी. तिथे हाताचा आग्रह धरण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

नवे हातमाग कापड आणि कात्रीची भीती

अलीकडे चित्र पालटले आहे. गोधडी शिवायला जुनी लुगडी नाहीत, कारण लुगडी नेसणारीच राहिली नाही. आगरी घरांतल्या म्हाताऱ्या सोडल्या तर मानपाडा रोडवर काष्टा क्वचित दिसतो. त्याच वेळी सुट्टीत क्विल्ट शिवायला बसणाऱ्या, खास त्यासाठी हातमागाचे कापड विकत आणणाऱ्या बायका वाढल्या. खादी भांडारातली मलमल, इरकल, गुळेदगुड्डचे खण. हे नवे कापड जुन्याच्या नियमांनी वागत नाही.

पहिली गोष्ट आटण्याची. मागावर ताणलेला ताणा पहिल्या धुण्यात सैल होतो आणि कापड लांबीत जास्त आटते. वर नवी मलमल आणि आत जुनी पातळे असा मेळ घातला, तर पहिल्या धुण्यानंतर वरचा थर आखडतो आणि आतला जुना थर चुणतो. म्हणून कापायच्या आधी धुवावे, तेही एकदा नव्हे, पाणी स्वच्छ येईपर्यंत. दुसरी गोष्ट रंगाची. घरोघर मीठ किंवा तुरटीच्या पाण्यात कापड भिजवून रंग 'पक्का' करतात. रंगवताना मीठ रंगाला सुताकडे ढकलते हे खरे, पण रंगून झालेल्या कापडावर न चिकटलेला रंग बादलीतल्या मिठाने चिकटत नाही. तो धुवूनच काढावा लागतो. निळीचे कापड तर धुतल्यावरही अंगाला, चादरीला घासून रंग सोडत राहते. पांढऱ्याशेजारी ते लावायचेच नाही.

तिसरी गोष्ट सरळ कापण्याची. हातमागाचे कापड डोळ्यांना सरळ दिसते, पण बाण्याचे धागे कधी कधी तिरके बसलेले असतात. पट्टी ठेवून कापले तर तुकडा पहिल्या धुण्यात तिरका होतो. जुना उपाय सर्वांत खात्रीचा : कडेला छोटा काप द्यायचा, एक आडवी दशी सुईने उचलून हळूहळू ओढून काढायची. ती निघाली की कापडात बारीक वाट पडते, कात्री त्या वाटेने चालवायची. खणाच्या बाबतीत आणखी एक काळजी. त्यावरची बारीक नक्षी जादा ताण्याने उठवलेली असते आणि मागे धागे मोकळे तरंगतात. खणाचे तुकडे वरच्या थरात लावायचे असतील तर टाके जवळजवळ घालावेत, नाहीतर आतले तरंगते धागे धुण्यात ओढले जाऊन नक्षीच्या चुण्या होतात.

आणि मुळात ते हातमागाचे आहे का? १९८५ च्या कायद्याने कापडाचे २२ प्रकार हातमागासाठी राखून ठेवले होते, पुढे ते ११ वर आले. साडी आणि धोतर त्यांत आहेत, तरी यंत्रमागावरचा माल हातमागाच्या नावाने सर्रास विकला जातो. हातमागाचे चिन्ह २००६ पासून मिळते, ते पाहून घ्यावे. बंद काठ हा पुरावा नव्हे, धोट्याच्या यंत्रमागावरही काठ बंदच येतो. सुताचा खडबडीतपणा हाही पुरावा नव्हे, गाठीगाठींचे सूत गिरणीतही मुद्दाम काढता येते. पण गोधडीपुरते बोलायचे तर मला हा प्रश्न जरा सैल सोडावासा वाटतो. भिवंडीचे चांगले सुती केंब्रिक आतल्या थराला काहीच वाईट नाही. हातमागाचे दाम मोजायचे ते जिथे त्याचा सैल पोत त्वचेला लागणार आहे तिथे, म्हणजे वरच्या थरात आणि दुपट्यात.

चौथी अडचण कापडाची नाही, मनाची आहे. विकत आणलेल्या महागड्या कापडाला कात्री लागत नाही. तुकडे कपाटात साचत राहतात, 'यातून काहीतरी छान करीन' म्हणत. जुन्या गोधडीत ही भीती नव्हती, कारण कापडाचे मोल आधीच वसूल झालेले असे. त्यामुळे चूक स्वस्त होती, आणि चूक स्वस्त असली की कुठूनही सुरू करता येते, कुणाच्याही हाती सुई देता येते, बारा वर्षांच्या मुलीला एक कड शिवू देता येते. नवे कापड आले आणि मुलीच्या हातची सुई काढून घेतली गेली, असे मी काही घरांत पाहिले आहे.

पॉलिस्टर, पाऊस आणि मजुरी

आज शिवल्या जाणाऱ्या गोधड्यांत सिंथेटिक साड्याच जास्त, आणि त्याला नाक मुरडून भागणार नाही. सूत हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के धरते, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. उन्हाळ्याच्या रात्री, घामाच्या दिवसांत, सुती गोधडी म्हणूनच सुखाची आणि पॉलिस्टरची चिकट लागते. डोंबिवलीच्या जुलैमध्ये मात्र हेच गणित उलटते. पाच थरांची सुती गोधडी कोरडी दोन किलोच्या आसपास. भिजली की सहा-सात किलोच्या मशीनमध्ये वजनाने मावते, पण एका बाजूला गोळा होऊन पिळताना ड्रम धडधडतो. पंख्याखाली ती तीन दिवस ओली राहते आणि कुबट वास धरते. पॉलिस्टरची दुसऱ्या दिवशी कोरडी. ज्या घरात अंथरुणात लघवी करणारे लहान पोर किंवा अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस आहे, तिथे पावसाळ्यात पॉलिस्टरची गोधडी शहाणपणाची. थंडीचा प्रश्न इथे फारसा नव्हताच. पण एसी आले आणि पातळ, तीन थरांच्या सुती गोधडीला नवे गिऱ्हाईक मिळाले. रजई जड होते, चादर अपुरी पडते, मधली जागा तिची.

या गिऱ्हाइकासाठी शिवून देणाऱ्या बायका आता ठाणे-डोंबिवलीत आहेत, आणि इथे जुन्या तंत्राची खरी परीक्षा होते. वीस हजार टाक्यांची डबल गोधडी विकायची तर तिला पावणेसतरा तासांची मजुरी, दोरा आणि कापड जुळवण्याचे दोन-तीन तास धरून किंमत लावावी लागेल. तशी लावली की गिऱ्हाईक दचकते, कारण त्याच्या मनात गोधडी ही घरी फुकट होणारी गोष्ट असते. घरात हे तास कधी मोजले गेले नाहीत, याचा तो परिणाम. मग शिवणारी ओळींतले अंतर दोन इंच करते, टाका लांबवते, पोटात तयार फायबरचा थर घालते. फायबर घातले की अंतर वाढवणे तसेही भागच पडते, कारण जवळ शिवले तर ते चेपते. दहा हजारांहूनही कमी टाक्यांत काम उरकते, गोधडी फुगीर दिसते आणि फोटोत शोभते. पण लांबवलेल्या टाक्यात धुताना बोट अडकते, दोरा तुटतो, फायबर एका कोपऱ्यात जाते. जिला हे टाळायचे आहे तिच्यापुढे दोनच वाटा आहेत : तासांचा पूर्ण दाम मागायचा, किंवा गिऱ्हाइकाच्याच जुन्या साड्या घेऊन फक्त शिवणीचे पैसे लावायचे. दुसरी वाट जास्त चालते. जाणत्या बायका कापड हातात आल्यावर आधी त्याची एक दशी ओढून जाळून पाहतात. कागदासारखा वास येऊन राखेची भुकटी झाली तर ती साडी सुती, वितळून कडक मणी झाला तर नव्हे. आणि त्यावर शिवणीचा दर सांगतात.